सहयोगी डिजिटल नकाशातील दिशानोंद : दोन पद्धती
‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांच्या सहकार्याने तयार होणारा डिजिटल नकाशा होय. त्यात वस्तूची दिशा प्रामुख्याने दोन पद्धतींनी नोंदविली जाते.

पहिली पद्धत निरपेक्ष आहे. उत्तर दिशा ० अंश मानून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कोन मोजतात. पूर्व ९०, दक्षिण १८०. दुसरी पद्धत सापेक्ष आहे. रस्त्याची रेषा ज्या क्रमाने रेखाटली, त्यानुसार ‘पुढे’ किंवा ‘मागे’ अशी नोंद होते.

‘थांबा’ फलकाच्या उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे रेखाटलेल्या रस्त्यावर उत्तरेस जाणाऱ्या वाहनांसाठीचा फलक दक्षिणाभिमुख असतो. त्याची निरपेक्ष नोंद १८० अंश, तर सापेक्ष नोंद ‘पुढे’ अशी होते. कारण पहिली नोंद फलकाचे तोंड दर्शविते व दुसरी वाहनांची दिशा.

पुढे एखाद्याने रेषेचा क्रम उलटविला आणि सापेक्ष नोंद तशीच राहिली, तर थांबण्याचा नियम विरुद्ध दिशेच्या वाहनांना लागू आहे, असा अर्थ मार्गदर्शक प्रणाली लावील. तात्पर्य, रेषेचा क्रम हाही माहितीचाच भाग आहे. तो बदलताना त्यावर अवलंबून असलेल्या नोंदी तपासणे अनिवार्य ठरते.