उकळी न येता उतू जाणारी कॉफी

दूध उतू जाताना आपण सर्वांनीच पाहिले आहे. पण पाण्यात नुसती कॉफीची पूड घालून तापवली, तर तीही उतू जाते आणि तीसुद्धा उकळी फुटण्यापूर्वीच! तुर्कस्तानात घरोघरी केल्या जाणाऱ्या कॉफीचे सारे कसब हा क्षण पकडण्यात आहे.

आमच्या एका सहकाऱ्याने इस्तंबूलहून तांब्याचे एक लहानसे भांडे आणले. तुर्की भाषेत त्याला 'जेझ्वे' म्हणतात. बूड रुंद, गळा अरुंद, काठाला चोच, बाजूला लांब दांडा. बाहेरून ते तांबूस, पण आतून रुपेरी आहे. इस्तंबूलमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्यास कॉफीगृहे सुरू झाली. २०१३ साली युनेस्कोने तुर्की कॉफीच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

कृती अगदी साधी आहे. एका छोट्या कपासाठी ६० ते ७० मिलिलीटर गार पाणी, पिठासारखी बारीक दळलेली सहा-सात ग्रॅम कॉफी आणि हवी असल्यास साखर जेझ्वेत घालायची. एकदा नीट ढवळून भांडे मंद आचेवर ठेवायचे. मग चमचा लावायचा नाही. काही मिनिटांत कडेने फेस जमू लागतो आणि एकाएकी गळ्यातून वर चढतो. तत्क्षणी भांडे उतरवायचे. थोडा फेस कपात काढायचा, भांडे पुन्हा क्षणभर आचेवर धरायचे आणि उरलेली कॉफी सावकाश ओतायची.

फेस एकाएकी का चढतो?

कॉफीचे दाणे भाजताना त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यातला काही दाण्यांतच अडकून राहतो आणि पूड पाण्यात गेली की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पण एवढ्याने फेस एकाएकी का वाढावा हे कळत नाही. त्यासाठी डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम आठवू या. बुडबुड्यात कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफही असते आणि दोहोंचा मिळून दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबाइतका असतो. ६० अंश सेल्सियसला वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक-पंचमांश असतो. वाफेमुळे बुडबुड्याचे आकारमान जेमतेम सव्वापट होते. ९० अंशांना मात्र हाच दाब सुमारे सात-दशांश होतो. कार्बन डायऑक्साइडच्या वाट्याला तीन-दशांश दाब उरतो, म्हणजे बुडबुडा तिपटीहून मोठा होतो! १०० अंश गाठण्याआधीच फेस उसळतो तो यामुळे.

कॉफीतील विरघळलेले पदार्थ आणि बारीक कण हे बुडबुडे फुटू देत नाहीत. गळा अरुंद असल्याने फेस पसरत नाही, दाट थराने वर येतो. खळखळून उकळू दिले तर हा थर मोडतो, सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि कडवटपणा वाढतो.

तांबे आणि कल्हई

तांब्याची उष्णतावाहकता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २५ पट आहे. ज्योत बुडाच्या मध्यावर असली तरी उष्णता साऱ्या भांड्यात लवकर पसरते, एका जागी कॉफी करपत नाही. पण कॉफी आम्लधर्मी असते आणि उघड्या तांब्याशी आम्लाचा संपर्क आला तर तांबे त्यात उतरते. ताक किंवा चिंचेचे सार तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. तिचा उपाय आणि तुर्की कारागिराचा उपाय एकच आहे : कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर. जेझ्वे आतून रुपेरी दिसते ते याचमुळे.

या थराची एक मर्यादा आम्ही नुकसान सोसून शिकलो. बोलण्याच्या नादात आम्ही रिकामे जेझ्वे गॅसवर विसरलो. पाहतो तर कल्हई वितळून तिचे चकचकीत मणी झालेले आणि मध्ये तांबे उघडे पडलेले. कथील २३२ अंशांना वितळते. गॅसची ज्योत याहून कितीतरी तप्त असते. भांड्यात पाणी असेपर्यंत ते पाणी उष्णता शोषून घेते आणि आतल्या थराचे तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे जात नाही. कागदाच्या द्रोणात पाणी तापवण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो, त्यातले तत्त्व हेच.

बऱ्याच शोधाने एक कल्हईवाला मिळाला. त्याने भांडे घासून तापवले, नवसागर टाकला, कथील लावले आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवले. नवसागराच्या विघटनातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइड काढून टाकतो. त्याशिवाय कथील तांब्याला धरत नाही. कथील शुद्ध असावे हे मात्र आवर्जून पाहावे, कारण त्यात शिसे मिसळलेले असेल तर ते विषारी ठरते. आणि कल्हई उडालेल्या किंवा नुसत्या शोभेच्या तांब्याच्या भांड्यात कॉफी करूच नये.

कपातला गाळ

ही कॉफी गाळत नाहीत. कपात ओतल्यावर दोन-तीन मिनिटे थांबतात, गाळ खाली बसू देतात. स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा व्यास निम्मा झाला की बुडण्याचा वेग एक-चतुर्थांश होतो. म्हणून इतक्या बारीक पुडीला घाई चालत नाही. साखर आधीच का घालतात, हेही आता ध्यानात येईल : कपात ढवळले तर बसलेला गाळ पुन्हा वर येईल.

करून पाहा

यासाठी जेझ्वेच हवे असे नाही. अरुंद तोंडाचे स्टीलचे लहान भांडेही चालेल. शिक्षकांनी स्वतः आच सांभाळावी. फेस चढू लागताच तापमापी काय दाखवते याची नोंद करा. मग ताजी दळलेली पूड आणि महिनाभर उघडी राहिलेली पूड यांच्या फेसाची उंची मोजा. कोणती पूड कमी फेसाळेल आणि का, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्या. भांडे आचेवर चढवायचे ते त्यानंतर.