वितळावं, पण गळू नये

नाशिकला पंचवटीतल्या दिंडोरी रोडच्या बाजार समितीतून कोथिंबीरही मुंबईला जाते आणि टोमॅटोही. थंडीच्या बाबतीत मात्र दोघांची तऱ्हा वेगळी. कोथिंबिरीची जुडी शून्य अंशाच्या आसपास टवटवीत राहते. टोमॅटोची जाळी १० अंशांखाली फार दिवस राहिली, तर चव जाते, डाग पडतात. बर्फाला शून्याखेरीज दुसरा अंश माहीत नाही. तरी त्याचा एक गुण मोठा: वितळताना तो किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता गिळतो आणि पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरून हलत नाही.

हाच गुण आपल्याला हव्या त्या अंशावर मिळवायचा, यासाठी ‘फेज चेंज मटेरियल’चा सारा खटाटोप. पॉलिमर इथे कामाला येतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉल घ्या (पोट साफ करायला डॉक्टर देतात ती पावडर याच कुळातली). त्याची साखळी जितकी लांब, तितका वितळणबिंदू वर. ४०० रेणुभाराचं ग्लायकॉल ४ ते ८ अंशांना वितळतं, ६०० चं विशीच्या आसपास, ६००० चं साठीच्या घरात.

खरी डोकेदुखी गळतीची. वितळलेलं मेण किंवा ग्लायकॉल फटीतून झिरपतं आणि माल खराब करतं. म्हणून मेण पॉलिथिनच्या जाळ्यात मुरवतात. ते आत पातळ होतं, पण वडी घट्टच राहते. दुसरा मार्ग मला जास्त हुशारीचा वाटतो: ग्लायकॉलची साखळी सेल्युलोजला रासायनिक बंधाने जखडायची. मग ती उष्णता घेते, मऊ पडते, पण वाहत नाही. किंमत म्हणून साठवणक्षमता थोडी घटते. शिवाय ही द्रव्यं उष्णतेची मंद वाहक. त्यांत ग्रॅफाइट मिसळावं लागतं.

पुण्याच्या इकोझेन कंपनीची ‘इकोफ्रॉस्ट’ शीतखोली सौरऊर्जेवर चालते आणि रात्रीसाठी थंडी साठवून ठेवते. पण हिशेब कुणाला चुकत नाही. एक टन टोमॅटो ३० अंशांवरून १२ वर आणायला सुमारे ७२ हजार किलोज्यूल उष्णता काढावी लागते. किलोमागे २०० किलोज्यूल शोषणारं द्रव्य धरलं, तरी ३६० किलो लागेल. एवढं ओझं टेम्पोत कोण वाहील? माल आधी यंत्राने थंड करायचा. वड्यांनी फक्त ती थंडी वाशीच्या बाजारापर्यंत टिकवायची.