राष्ट्र, भजन आणि दरबार : रेव्हरंड ना. वा. टिळकांचा नवोत्थानविचार

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे नाव पदव्युत्तर अभ्यासक्रमात बहुधा तीन ठिकाणी येते. आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून येतात, आत्मचरित्राच्या अभ्यासात लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधील उदार, लहरी आणि शीघ्रकोपी पती म्हणून येतात, आणि ख्रिस्ती मराठी साहित्य या वेगळ्या प्रकरणात ‘अभंगांजली’ व ‘ख्रिस्तायन’ यांचे कर्ते म्हणून येतात. अध्यापनाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी हळूहळू मूल्यमापनाचे रूप घेते. देशभक्त टिळक वेगळे, निसर्गकवी टिळक वेगळे आणि धर्मांतरित टिळक वेगळे, असा समज दृढ होतो. वस्तुतः या तिन्ही टिळकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : या राष्ट्राचे नैतिक आणि आध्यात्मिक पुनरुत्थान कशाने होईल? या प्रश्नाच्या अनुरोधाने टिळकांचे पुनर्वाचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जालना परिसरातील पूर्वसूत्र

या विषयाचे आपल्या परिसराशी असलेले नाते प्रथम लक्षात घेणे उचित ठरेल. भोकरदन तालुक्यातील राजूर हे महागणपतीचे क्षेत्र म्हणून सर्वश्रुत आहे. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरकडे जाणारा रस्ता अनवाणी चालणाऱ्या भाविकांनी भरून जातो. या भागातून येणाऱ्या विद्यार्थ्याला भजन, पायी वारी आणि नवस यांचा अर्थ शिकवावा लागत नाही. तो त्याच्या घरचाच असतो. मात्र ‘ख्रिस्ती मराठी साहित्य’ हे शब्द उच्चारले की त्याला ते मुंबईचे किंवा नगरचे, म्हणजे दूरचे प्रकरण वाटते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळच ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली होती.

बेथेलचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. १८४३ साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांना न्यायालयाच्या निर्णयाने वडिलांकडे परत जावे लागले, आणि त्यांना प्रायश्चित्त देऊन स्वजातीत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद माजला. या वादात बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीचा पक्ष घेतला होता, हे मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या अभ्यासकांना परिचित आहे. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने नारायण शेषाद्री निजामाच्या मुलखात आले. दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ हे गाव वसविले. धर्म म्हणजे केवळ मतांतर नव्हे. जमीन, शेती, शाळा, उद्योग आणि प्रार्थना यांनी मिळून बनलेले नवे गावच हवे, ही त्यामागची दृष्टी होती. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही शेषाद्री उपस्थित होते.

बेथेलमध्ये नवोत्थानाचे एक उत्तर आढळते : जुन्या गावाच्या शेजारी नवे गाव वसवावे. टिळकांचे उत्तर याहून निराळे आहे. त्यांना जुन्या गावातच, जुन्याच टाळमृदंगाच्या नादात नवे मन हवे होते. या दोन उत्तरांतील अंतर ध्यानात घेतल्याशिवाय टिळकांच्या भूमिकेचे वेगळेपण उमगत नाही.

प्रश्न आधी, धर्म नंतर

टिळकांच्या धर्मांतराची हकिकत सांगताना आगगाडीच्या प्रसंगावर भर दिला जातो. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना डब्यात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले. परंतु या प्रसंगापूर्वीच टिळकांचे मन एका शोधात गुंतले होते. वैदिक वाङ्मयाशी त्यांचा परिचय होता, नागपुरात धर्मविषयक मासिकाच्या संपादनाचा अनुभव होता, आणि जातिभेदाने व कर्मठपणाने दुभंगलेल्या समाजाला एकत्र आणील असा धर्म कोणता, याचा विचार ते करीत होते. ख्रिस्त त्यांना भेटला तो या राष्ट्रीय प्रश्नाचे उत्तर म्हणून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, तर देशी पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह म्हणजे त्यांच्या पुढील सर्व विचाराचे बीज होय.

समकालीन विचारविश्वात हा प्रश्न एकट्या टिळकांचा नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयाची मीमांसा करताना राष्ट्रबांधणीचे श्रेय संतांच्या कार्यास दिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी नेमका उलट पक्ष घेतला आणि संतांच्या निवृत्तिपरतेला दोष दिला. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले आणि कर्मयोग हा राष्ट्रीय आचारधर्म म्हणून पुढे आला. रेव्हरंड टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला तो १९१७ साली. या दोन घटनांत अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे. एकाच कालखंडात दोघे टिळक राष्ट्राच्या आत्मिक बळाचा विचार करीत होते. एकाला ते गीतेच्या नव्या अर्थात सापडले, दुसऱ्याला ख्रिस्ताच्या देशी रूपात. रेव्हरंड टिळकांची धार्मिक कविता या संदर्भातून बाहेर काढली की ती केवळ उपासनागीत उरते.

भाषेचा प्रश्न

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. हे विधान शोभेचे नाही. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ पासून चालू होते आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होता. मात्र उपासनेतील पदांवर इंग्रजी गीतांच्या चालींची आणि भाषांतरित शब्दकळेची छाया मोठी होती. नगरच्या ख्रिस्ती समाजात कीर्तनाचा स्वीकार टिळकांपूर्वीच झाला होता. टिळकांनी त्या वाटेला काव्याचे सामर्थ्य दिले. अभंग, ओवी आणि पद ही वळणे त्यांनी वेष म्हणून वापरली नाहीत. अभंग हा छंद आत्मपरीक्षणाचा आहे. त्यात भक्त दुसऱ्याचे पाप मोजीत नाही, स्वतःचे मोजतो. त्यामुळे नवोत्थानाची हाक अभंगात उतरली की ती आपोआप बोलणाऱ्याकडे वळते.

हेच टिळकांच्या कवितेचे मर्म आहे. तुम्ही बदला, असे सांगणारा उपदेशक त्यांच्या उत्तम रचनांत क्वचित आढळतो. ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेत मरणोन्मुख पक्षिणी माणसाच्या निर्दयतेची साक्ष देते. ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत एकांत आणि लोकसेवा यांचा वाद उभा राहतो. या कविता ‘निसर्गकविता’ म्हणून शिकविल्या जातात. परंतु करुणा आणि सेवा याच दोन मूल्यांवर टिळकांना राष्ट्राची उभारणी हवी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे फूल, पाखरू आणि ख्रिस्त यांच्यातील दुवा स्पष्ट होतो.

दरबार आणि घर

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त जीवन पत्करले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ही रचना दोन्ही बाजूंना अडचणीची होती. बाप्तिस्म्याची सीमारेषा पुसट झाल्यामुळे मिशनला ती खटकणे स्वाभाविक होते. आणि ख्रिस्ताचे नाव मध्यवर्ती असल्यामुळे सनातनी समाजाला ती जवळची वाटणे शक्य नव्हते. टिळकांचा रोख मात्र स्पष्ट होता. परकीय पैशावर आणि परकीय देखरेखीवर उभा असलेला ख्रिस्ती समाज राष्ट्राला कोणताही नैतिक संदेश देऊ शकत नाही. प्रथम त्यानेच स्वावलंबी आणि स्वदेशी झाले पाहिजे. राष्ट्राला घातलेली ही हाक, अशा रीतीने, सर्वप्रथम स्वतःच्या मंडळीला घातलेली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि दरबाराला जेमतेम दोन वर्षांचेच आयुष्य त्यांच्या हातून लाभले.

या हाकेची खरी परीक्षा दरबारात नव्हे, घरात झाली, आणि तिचा दस्तऐवज म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४). पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळेओवळे पाळीत राहिल्या. जात देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडविला, आणि सोवळे सुटले ते बाप्तिस्म्याच्या आधी. राष्ट्राच्या नवोत्थानाचे मोठे शब्द चुलीपाशी, पाण्याच्या घागरीपाशी कोणता अर्थ धारण करतात, हे लक्ष्मीबाईंनी विनोदाच्या आवरणात जितके उघड केले आहे, तितके टिळकांच्या कोणत्याही निबंधात सापडत नाही. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ही घटना केवळ पत्नीधर्माची नाही. मन वळविण्याऐवजी ते वळेपर्यंत वाट पाहिल्याचे ते फळ आहे.

मर्यादा

टिळकांच्या विचाराची मर्यादाही अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. नगर जिल्ह्यात काय किंवा मराठवाड्यात काय, ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतील होते. त्यांना नव्या धर्मात प्रथम हवी होती ती माणूस म्हणून ओळख, शाळा आणि अन्नाची शाश्वती. त्यांच्यासाठी मिशन ही केवळ परकीय सत्तेची सावली नव्हती, तर गावगाड्याबाहेर पडण्याची वाटही होती. मिशनचे बंधन तोडावे, हे टिळकांना जितके सहज वाटले तितके या समाजाला वाटणे कठीण होते. संतपरंपरेच्या सुराशी टिळकांनी जोडलेले नातेही या समाजाच्या दृष्टीने दुहेरी होते : चोखोबा त्याच परंपरेतले, आणि पंढरीच्या मंदिराचे बंद दारही तिथलेच. महात्मा फुले यांनी ज्या कठोरपणे धर्म आणि जातिसत्ता यांचा संबंध उघड केला, तो कठोरपणा टिळकांच्या कवितेत नाही. या दृष्टीने पाहता जालन्याजवळचे बेथेल, म्हणजे जमीन आणि उदरनिर्वाह यांपासून केलेला आरंभ, टिळकांच्या दरबारापेक्षा काही बाबतींत वास्तवाच्या अधिक निकट होता.

तथापि या मर्यादेमुळे टिळकांच्या प्रश्नाचे मोल कमी होत नाही. राष्ट्राच्या नैतिक नवोत्थानाची भाषा प्रत्येक पिढीत नव्याने बोलली जाते, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या दोषांची यादी असते. टिळकांनी ती भाषा अभंगात आणली, म्हणजेच तिला प्रथमपुरुषी केले. त्यांच्या कवितेचे अध्यापन करताना ‘अभंगांजली’ ख्रिस्ती साहित्याच्या प्रकरणात आणि ‘वनवासी फूल’ निसर्गकवितेच्या प्रकरणात ठेवून भागणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ समोर ठेवून दोन्ही एकत्र वाचावी लागतील. राजूरच्या वाटेवर भजन ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला अशा वाचनासाठी वेगळी तयारी करावी लागणार नाही. टिळकांचा सूर त्याच्या कानाला ओळखीचा आहे. आपण अभ्यासक्रमाने मध्ये घातलेली भिंत तेवढी दूर करावयाची आहे.