लालबागचा, पण बागेचा

‘बाग’ला ‘चा’ लागला की ‘बागेचा’ होते, पण लालबागचे ‘लालबागचा’च राहते. गावाला आणि गिरगावला ही जोडीही तशीच. बरे, ‘ला’पुढे न बदलणारे गिरगाव ‘त’पुढे मात्र बदलते: आपण गिरगावात जातो, ‘गिरगावत’ नव्हे. विशेषनामे बदलत नाहीत म्हणावे, तर पुणे आणि ठाणे ‘पुण्याला’, ‘ठाण्याला’ होऊन बसतात. प्रत्ययापूर्वी नामाचे जे रूप होते ते सामान्यरूप. मराठी घरातले लहान मूलही ते सहज साधते. संगणकाला मात्र ‘ठाणे’ शोधायला सांगितले आणि हे नाते शिकवलेले नसले, तर ‘ठाण्याच्या’ लिहिलेला मजकूर तो खुशाल वगळतो. म्हणूनच आपले व्याकरण हे मराठीच्या संगणकीय अभ्यासाचे आजचे, रोजच्या वापरातले हत्यार आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे हत्यार घडवण्यात गिरगावचा वाटा मोठा. तिथल्याच खेतवाडीत जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मधले. भाषेची रूपे गोळा करायची, सारखी चालणारी एकत्र ठेवायची, अपवाद वेगळे काढायचे, ही व्याकरणकारांची रीत. पवईच्या आयआयटीत मुग्धा बापट, हर्षदा गुणे आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी २०१० मध्ये मराठी शब्दांची फोड करणारी जी प्रणाली मांडली, तिचा पायाही असाच आहे: एकाच तऱ्हेने चालणाऱ्या शब्दांचे गट करायचे आणि कोणत्या तुकड्यामागून कोणता तुकडा येऊ शकतो याचा नकाशा यंत्राला द्यायचा. ‘घरासमोरच्यांनी’ हा एकच शब्द घ्या. त्यात घर आहे, त्याचे सामान्यरूप आहे, ‘समोर’ आहे, मग ‘चा’ आणि त्याचेही सामान्यरूप, अनेकवचन, आणि शेवटी ‘नी’. इंग्रजी जे चार-पाच शब्दांत सांगते ते आपण एका दमात लिहितो.

यावर आक्षेप ठरलेला आहे: आता नियम कशाला, ढीगभर मजकूर वाचून यंत्र आपोआप शिकते. आक्षेप पोकळ नाही. क्लॉड शॅननने १९४८ मध्येच दाखवले होते की कोणत्या अक्षरामागून कोणते किती वेळा येते याच्या मोजदादीतून इंग्रजीसारखा भासणारा मजकूर तयार होतो, आणि आजची भाषा-प्रारूपे त्याच वाटेने कितीतरी पुढे गेली आहेत. पण मोजदादीला मोजण्यासारखे पुष्कळ हवे. मराठीत एकेका नामाची रूपे शेकड्यांत जातात, त्यातली बरीचशी क्वचितच भेटतात, आणि जालावरचा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा. शिवाय ही प्रारूपे शब्द तोडतात ते वारंवारतेच्या हिशोबाने. ‘गिरगावातल्या’ हा शब्द युनिकोडमध्ये १२ चिन्हांचा, आणि साठवणीच्या प्रचलित पद्धतीत ३६ बाइटांचा. मुख्यतः इंग्रजीवर बेतलेली तोडणी त्याचे तुकडे कुठेही पाडते, ‘गिरगाव’ आणि ‘आतल्या’ यांच्या सांध्यावर पाडेलच असे नाही. मजकूर वाढेल तसा हा दोष कमी होईल, हे मान्य. तरी यंत्राने दिलेले ‘लालबागेचा’ चूक आहे हे ठरवायला कुणीतरी नियम आणि अपवाद लिहून ठेवलेले लागतातच.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. दादोबांचे आणि दामल्यांचे व्याकरण प्रमाण मराठीचे. परळ-लालबागच्या चाळी भरल्या त्या कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी. ‘खंय चललंस?’ हा मालवणी प्रश्न ओळखणारे यंत्र त्या ग्रंथांवरून बनणार नाही. खरे आहे, आणि नुसत्या मोजदादीनेही बनणार नाही, कारण मालवणी बोलली जाते खूप आणि लिहिली जाते कमी. तिथे आधी बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण हवे, त्याचे काळजीपूर्वक लेखन हवे, आणि कुठला प्रत्यय कुठे लागतो याची टिपणे हवीत. पिढ्यान्‌पिढ्या मालवणी बोलणारी माणसे लालबागमध्ये अजून आहेत. कामाची सुरुवात तिथूनच करता येईल.