मालवणचा समुद्र राखायचा, पण कुणाला बाजूला सारून?

पेठ वडगावहून बोलतोय. आमच्याकडं ऊस, म्हशी आणि बाजार. समुद्र बघायला घाट उतरावा लागतो. पण ताटात सुरमई आपल्यालाही लागतेच, म्हणून आजचा विषय आपलाही आहे.

१९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास, बाकी बफर. पाण्याखाली प्रवाळ आहेत, ते राखायलाच हवेत. तरी स्थानिक मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला. भीती साधी होती: आज पाटी लागली, उद्या जाळं टाकायला बंदी.

आता रापण समजून घ्या. होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. याउलट पर्ससीन जाळं अख्खा थवा घेरून खालून आवळतं. एलईडीच्या उजेडात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. म्हणजे ‘मासेमारी’ या एका शब्दात दोघांना बसवलं, की नियम पहिला गळा रापणवाल्याचा धरतो. ॲपमध्ये सगळ्या युजरना एकच परमिशन दिल्यासारखं झालं हे!

कायद्याला हे कळतं बरं का. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २६-अ सांगतं, की अभयारण्यात सागरी भाग घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायची पुरेशी तजवीज आधी करा. पण हे कलम आलं १९९१ च्या दुरुस्तीत. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षं आधीची.

मग जमतं कसं? राज्यानं २०१८ मध्ये योजना आणली: जाळ्यात कासवासारखा संरक्षित जीव अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजारांपर्यंत भरपाई. वेंगुर्ल्यात मच्छीमार घरांतल्या बायका बचत गटातून कांदळवन सफारी चालवतात. दोन्हीकडं निसर्ग राखणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं.

माझं मत सांगतो. गाभ्यात कडक नियम असू देत, पण बफरमध्ये कुठलं जाळं, कुठल्या महिन्यात, हे रापणवाल्यांसोबत बसून ठरवा. रात्री एलईडीची बोट आली, तर पहिल्यांदा त्यांनाच दिसणार आहे.

तुम्हाला काय वाटतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!