मामाकच्या टेबलावर

मामाकमध्ये खुर्ची ओढून बसलं की पहिला प्रश्न पिण्याचा येतो. ‘बॉस, मिनुम?’ म्हणजे काय पिणार? खाण्याचं मागून. विचारणारा पोरगा तमिळ असेल, बांगलादेशी असेल, नेपाळी असेल, पण विचारतो मलय भाषेत. समोर बँकेतला साहेब बसलेला असो की मोटारसायकलवरून पार्सलं पोचवणारा, दोघेही त्याला ‘बॉस’च. गिऱ्हाईकही उलट त्यालाच ‘बॉस’ म्हणतं, नाहीतर तमिळ वळणानं ‘अण्णे’. मलेशियात नावाआधी ‘दातुक’, ‘तान श्री’ अशा पदव्या लावण्याचा मोठा सोस आहे. मामाकच्या उंबरठ्यावर त्या गळून पडतात. तसं बघितलं तर उंबरठाही नसतोच. दोन-तीन बाजूंनी उघडी जागा, वर गरगरणारे पंखे, फुटपाथपर्यंत आलेली स्टीलची टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर फुटबॉलसाठी लावलेला मोठा पडदा.

मामाक म्हणजे मलेशियातल्या तमिळ मुसलमानांनी चालवलेलं स्वस्त उपाहारगृह. साधी रोटी चनाई दीड-दोन रिंगिटला आणि चहा दोन-अडीचला मिळतो. रिंगिट साधारण वीस रुपयांचा धरला तर शंभराच्या नोटेत पोटभर नाश्ता होतो, आणि त्या नोटेवर तीन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. आपल्याकडे मुंबईच्या इराण्यानं एकेकाळी जे केलं, म्हणजे परक्या मुलखातून येऊन साऱ्या शहराला बसायला जागा दिली, ते काम तिथे मामाकनं केलं. इराणी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. मामाक अजून गल्लोगल्ली आहे.

आधी चहाचं. ‘तेह तारिक’ म्हणजे ओढलेला चहा. चहाची भुकटी कापडी गाळण्यात घालून वरून उकळतं पाणी ओततात. त्या कडक काळ्या अर्कात डब्यातलं घट्ट गोड दूध घालतात. मग दांड्याच्या दोन मोठ्या स्टीलच्या मगांमधून तो वरून खाली, खालून वर ओढायचा. वरचा हात डोक्याच्या उंचीवर, खालचा कमरेजवळ, मध्ये चहाची अखंड दोरी. पाहुण्यांना हा खेळ वाटतो, पण त्याला काम आहे. तळाला बसणारं जड दूध एकजीव होतं, उकळता चहा ओठांना सोसेल इतका निवतो आणि वर बोटभर फेस येतो. फेस नसेल तर गिऱ्हाईक कप परत पाठवतं. डब्यातल्या दुधाचं कारण हवामानाचं आहे. विषुववृत्ताजवळच्या दमट उकाड्यात, फ्रिज नसलेल्या काळात, ताजं दूध टिकायचं नाही. डबा टिकायचा. रिकामा झाला की त्यालाच दोरी बांधून चहाचं पार्सल द्यायचे. आता त्या जागी प्लास्टिकची पिशवी आली आहे. ‘इकात तपी’ म्हटलं की पिशवी एका कडेला बांधून, नळी खोचून हातात येते. आपल्या जिभेला हा चहा फार गोड लागतो. ‘कुरांग मानिस’, साखर कमी, हे दोन शब्द मलेशियात पाऊल ठेवण्याआधीच पाठ करावेत.

रोटी चनाईसाठी मात्र तव्यापाशी उभं राहायला हवं. मैदा, पाणी, मीठ, चिमूटभर साखर आणि तूप किंवा मार्जरीन, एवढंच सामान. खरा घटक वेळ. मळलेल्या कणकेचे मुठीएवढे गोळे करून, मार्जरीन चोपडून, ते ट्रेमध्ये ओळीनं कित्येक तास, बहुधा रात्रभर मुरवतात. त्यात मैद्यातला ताण सुटतो. मुरलेला गोळा ओढाल तितका ताणला जातो आणि फाटत नाही. न मुरलेल्या गोळ्यापुढे उस्तादही हरतो. सकाळी तवेवाला गोळा उचलतो, तेलकट ओट्यावर तळव्यानं दाबून चपटा करतो, कडेला धरून हवेत फिरवतो आणि ओट्यावर आपटतो. दोन-तीन झटक्यांत ताटलीएवढ्या चकतीची पारदर्शक चादर होते. पलीकडचा स्टील ओटा तिच्यातून दिसतो. आत हवा कोंडत तिच्या घड्या घालून चौकोन करायचा, नाहीतर दोरी वळून तिचा चक्राकार पेढा बांधायचा, मग गरम लोखंडी तव्यावर टाकायचा. भाजून झाल्यावर शेवटची क्रिया दोन्ही हातांची. रोटी दोन तळव्यांमध्ये धरून टाळी वाजवल्यासारखी चुरगळतात, तेव्हा तिचे पदर सुटतात. ही टाळी आळशी दुकानात वगळली जाते, आणि माझ्या मते दुकान पारखायची तीच खूण आहे.

केरळी परोट्याची ही सख्खी बहीण. सिंगापुरात हिला ‘रोटी प्राता’ म्हणतात. मलेशियात मात्र तिचा गोतावळा फार वाढला. अंडं घातलं की रोटी तेलूर, कांदा घातला की रोटी बावांग, केळं घातलं की रोटी पिसांग. साखर-मार्जरीनची जाड, आखूड ती रोटी बॉम. कागदासारखी पातळ भाजून उंच शंकूसारखी उभी केलेली रोटी तिशू पोरांसाठी. खिमा, कांदा आणि अंडं भरून घडी घातलेला मुर्तबाक हे पूर्ण जेवण. सोबत डाळ, माशांचं कालवण आणि सांबाल. हा सांबाल आपल्या सांबाराचा कोणी नाही. लाल मिरचीचा तो वाटलेला गोळा असतो आणि त्यात बऱ्याचदा बलाचान पडतो. बलाचान म्हणजे जवळा खारवून, आंबवून, कुटून केलेला गोळा. कोकणातल्या माणसाला तो पहिल्या वासातच कळतो. शाकाहारी मंडळींनी मात्र इथे सावध राहावं. डाळीवर न विचारता माशाच्या कालवणाची पळी पडते, आणि भाताबरोबर मिळणाऱ्या ‘दालच्या’मध्ये मटणाची हाडं असू शकतात. ‘डाळ फक्त’ असं बजावून सांगावं लागतं.

मॅगी गोरेंगचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इन्स्टंट नूडल्स उकडून, त्या अंडं, टोफू, मोड आणि तिखट-गोड वाटणात मोठ्या कढईत भडक जाळावर परततात. रात्री दोन वाजता सगळ्यात जास्त मागणी याचीच.

हे सारं सुरू झालं पेनांगच्या धक्क्यावर. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटनं ईस्ट इंडिया कंपनीसाठी ते बेट घेतलं आणि जॉर्जटाउन बंदर उभं राहिलं. कोरोमंडल किनाऱ्यावरचे तमिळ मुसलमान व्यापारी, खलाशी, हमाल तिथे येऊ लागले. १८०१ मध्ये त्यांनी स्थापन केलेली कपितान केलिंग मशीद आजही शहराच्या मधोमध आहे. धक्क्यावर राबणाऱ्या हमालांना गरम भात-कालवण हवं होतं. मग विक्रेते खांद्यावर कावड घेऊन निघाले, एका टोकाला भाताचं भांडं, दुसऱ्याला कालवणाचं. ‘नासी कंदार’ म्हणजे तो कावडीवरचा भात. कावड गेली, नाव राहिलं. जॉर्जटाउनच्या कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया हे दुकान १९०७ पासून चालू आहे. तिथे रांगेत उभं राहायचं. भातावर कोंबडी, गाभोळी, माकूळ, भेंडी, उकडलेलं अंडं, जे बोट दाखवाल ते पडतं. मग वाढणारा चार-पाच पातेल्यांतला रस्सा थोडा थोडा त्यावर ओततो. तो मनमुराद हवा असेल तर ‘बंजिर’ म्हणायचं. बंजिर म्हणजे पूर. मटणाचा, माशाचा, कोंबडीचा रस्सा एकमेकांत मिसळून जी चव होते ती कुठल्याच एका पातेल्यात नसते. रस्सा वेगवेगळा ठेवायला सांगणारं गिऱ्हाईक नासी कंदार खात नाही, नुसता भात खातं.

या कोरोमंडल किनाऱ्याशी आपलाही एक धागा आहे, आणि मराठीत तो फारसा सांगितला जात नाही. पेनांगला जाणाऱ्या तमिळ मुसलमानांचं मोठं श्रद्धास्थान म्हणजे नागपट्टिनमजवळचा नागूर दर्गा. समुद्रावर निघणारे तिथे नवस बोलायचे. परक्या बंदरात पोचल्यावर त्यांनी त्याच्या प्रतिकृती उभारल्या, पेनांगच्या चुलिया स्ट्रीटवर एक, सिंगापुरात एक. मूळ नागूर दर्ग्याला पाच मिनार आहेत. त्यातला सगळ्यात उंच, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. १७३९ ते १७६३ ही त्यांची कारकीर्द. म्हणजे मलायाकडे निघालेल्या गलबतावरून मागे पाहणाऱ्याला किनाऱ्यावरचं जे दूरवर दिसत राहायचं, ते एका मराठी राजानं उभं केलेलं होतं. पुढे आगबोटी आल्या. मद्रास, नागपट्टिनम, पेनांग, सिंगापूर अशी ‘रजुला’ अनेक दशकं फिरली, तिच्यामागून ‘चिदंबरम’ आली. १९८५ मध्ये चिदंबरमला भर समुद्रात आग लागली, माणसं दगावली, आणि प्रवासी बोटींचा तो मार्गच संपला.

आता टेबलाकडे. मलेशियात सत्तर टक्क्यांच्या आसपास भूमिपुत्र, बहुतांश मलय मुसलमान, सुमारे तेवीस टक्के चिनी आणि सात टक्क्यांहून थोडे कमी भारतीय वंशाचे आहेत. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये झालेल्या मलय-चिनी दंगलीची छाया अजून पुरती हटलेली नाही. १९७१ पासूनच्या आर्थिक धोरणानं नोकरी, शिक्षण आणि भांडवलात भूमिपुत्रांना झुकतं माप दिलं. अशा देशात कोणी कुठे जेवायचं हेही ठरून जातं. चिनी कोपीतियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, डुकराचं मांस असतं, तिथे मुसलमान फिरकत नाहीत. केळीच्या पानावर वाढणारी तमिळ हिंदू खाणावळ गोमांस शिजवणार नाही. मामाकचं अन्न हलाल, म्हणून मलय येतो. चव मसालेदार आणि दर हलका, म्हणून चिनी येतो. डाळ-रोटी मिळते, म्हणून हिंदूही येतो. मालकाला देश जोडायचा नव्हता, त्याला गिऱ्हाईक हवं होतं, आणि मला हेच मोलाचं वाटतं. सरकारनं ‘एकता’ म्हणून बांधलेली सभागृहं ओस पडतात. इथे मात्र ऑफिसमधले तिघे मित्र, तीन धर्मांचे, कोणीही तडजोड न करता एका टेबलावर बसू शकतात. ते नेहमीच बसतात असं नाही. पुष्कळ टेबलांवर एकाच वंशाचा घोळका असतो, हे डोळ्यांना दिसतं. पण शेजारच्या टेबलावर दुसरा घोळका असतो आणि गोल झाला की दोन्हीकडून एकच आरोळी उठते.

फुटबॉलचं इथे भारी वेड आहे. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रात्री आठला सुरू होणारा सामना मलेशियात पहाटे चारला असतो. त्या वेळी जागा असतो तो मामाक. रमझानमध्ये त्याचं घड्याळ उलटं फिरतं. दिवसा शुकशुकाट, रात्रीच्या तरावीहच्या नमाजानंतर गर्दी, आणि मग पहाटेच्या सहरीपर्यंत तवा थंड होत नाही.

असं चोवीस तास उघडं राहण्यावर टीका होते आणि ती खोटी नाही. २०१९ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १८.३ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. पेनांगच्या ग्राहक संघटनेनं रात्रभर चालणारी उपाहारगृहं बंद करा अशी मागणी केली आहे. घट्ट गोड दूध आणि मध्यरात्रीचा मैदा यांची बाजू मी घेणार नाही. पण तीनच्या पाळीतून सुटणारी नर्स, टॅक्सीवाला, विमानतळावरचा झाडूवाला यांना गरम अन्न कुठे मिळणार, हेही त्या मागणीबरोबर सांगायला हवं.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं मलेशियाच्या न्याहारीची परंपरा, म्हणजे नासी लमाक हा भात, रोटी चनाई आणि तेह तारिक, मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. देशानं आनंद केला आणि तो रास्त होता. पण तव्यामागे आज कोण उभं असतं? मालकांची मुलं शिकून डॉक्टर, वकील, हिशेबनीस झाली. पहाटे चारला उठून कणीक मळायला ती तयार नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यामुळे तवेवाला येतो तमिळनाडूतून, मुदतीच्या परवान्यावर. बायको-मुलांना तो आणू शकत नाही, मुदत संपली की परततो. २०१८ मध्ये मनुष्यबळ मंत्री एम. कुलसेगरन यांनी जाहीर केलं, की १ जानेवारी २०१९ पासून उपाहारगृहांत आचारी स्थानिकच हवेत. इतका गदारोळ झाला की थोड्याच दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. १८ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, बसून खाणं बंद झालं, बाहेरून माणसं येणं थांबलं. ‘प्रेस्मा’ ही मुस्लिम उपाहारगृह मालकांची संघटना आणि ‘प्रिमास’ ही भारतीय उपाहारगृहवाल्यांची, दोन्ही परवान्यांसाठी सरकारचे उंबरठे झिजवत राहिल्या. पूर्वी चोवीस तास उघडी असणारी कित्येक दुकानं आता मध्यरात्री दार लावतात.

ज्या कसबाला जगानं वारसा म्हटलं ते कसब जाणणाऱ्या माणसाला त्या देशात राहण्याचा हक्क नाही, ही गोष्ट मला खुपते. गोठवलेल्या रोटीचे पुडे मलेशियातून जगभर जातात, यंत्रंही आली आहेत. यंत्र गोळा सपाट करतं. हवेतला तो झटका आणि शेवटची टाळी अजून त्याला साधलेली नाही. आणि तवेवालाही माणूसच आहे, सकाळपासून उभा. म्हणून दुपारी बारानंतर रोटी मागितली तर बऱ्याच मामाकांत पोरगा मान हलवतो. ‘रोटी ताक आदा, बॉस.’ म्हणजे रोटी नाही. ‘पाच वाजता या.’