गुरांमागे गेलेली शाळा

बोईसर सोडलं की तारापूरच्या कारखान्यांची धुराडी मागे पडतात. डहाणूपुढे चिकूच्या वाड्या सुरू होतात आणि त्यांच्यामधून वर टेकडीवर गेलं की कोसबाद. इथं बघायला देऊळ नाही की किल्ला. बघायची ती कामाला जुंपलेल्या पोरांसाठी निघालेली शाळा.

बालमजुरी म्हटलं की कोळशाची खाण आठवते. ब्रिटनने १८४२ मध्ये दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी घातली. आपल्याकडच्या १८८१ च्या कारखाना कायद्याने किमान वय सात ठरवलं आणि बारापर्यंतच्या पोरांकडून दिवसाला नऊ तास काम घ्यायची मुभाही ठेवली! इथल्या वारली आदिवासींच्या पोरांना यातलं काहीच लागू नव्हतं. रानात गुरं राखणाऱ्याची हजेरी कोण तपासणार?

१९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्याच साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी जवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबतीला अनुताई वाघ, ज्यांचं स्वतःचं बालपण तेराव्या वर्षी आलेल्या वैधव्याने संपलं होतं. १९५७ मध्ये केंद्र कोसबादला आलं. पण शाळेत येणार कोण? मुलगा सकाळीच गुरं घेऊन रानात, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरात.

मग शाळाच गुरांमागे निघाली. शिक्षक साहित्य घेऊन चराईच्या जागी जायचा. पोरांनी एक डोळा गुरांवर ठेवायचा आणि शिकायचं. हीच कुरणशाळा. मुलींसाठी तोड वेगळी काढली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. ही विकासवाडी. मोजायला बिया, शिंपले, खडे. विकत आणायचं काही नाही.

ही बालमजुरीशी तडजोड होती, असं कोणी म्हणेल. होतीच. पण गुरं राखून पोराचं पोट भरत असेल, तर ते काम आधी सोडवून मग पाटी देणं म्हणजे त्याला उपाशी बसवणं. पोट न भरता नुसती बंदी घालणाऱ्या कायद्यापेक्षा मला ही तडजोड जास्त प्रामाणिक वाटते.

या भागातली कामं मात्र पुढे बदलली. दिवाळी झाली की बयाणा घेतलेली कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही मागोमाग. विधायक संसद या संस्थेने त्यांच्यासाठी भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या. भोंगा म्हणजे मजुरांची पेंढ्याची खोपी. भट्टीवरच का, तर पावसाळ्याच्या तोंडावर भट्टी बंद झाली की कुटुंबं गावी परततात, तोवर गावातल्या शाळेची वार्षिक परीक्षा उरकलेली असते.